हद्दीवरची फळी

त्याला सगळे ओळंबा म्हणत. उभा राहिला की दोरीला टांगलेल्या वजनासारखा सरळ, आणि बोलायलाही तितकाच जड. परांच्या बांधायचं त्याचं काम. इमारत पुरी झाली की परांची उतरते आणि बांधणारा कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याचं त्याला काही वाटत नसे. एकतीस वर्षांत त्याच्या परांचीवरून कुणी पडलं नव्हतं, एवढं मात्र तो लग्नाकार्यात, कुणी विचारलं नाही तरी, सांगायचा.

मग ते गोदाम आलं. दोन शहरं एकमेकांपासून कोसभर लांब होती, तेव्हा मधल्या माळावर कुणीतरी बांधलेलं. चार मजली, लांबलचक. शहरं वाढत वाढत जवळ आली आणि हद्द नेमकी गोदामाच्या पोटातून गेली. मोजणीवाल्यांनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत पांढरा पट्टा ओढला. बाहेरून प्लास्टर करायचं, तर अर्धी परांची एका शहराच्या नियमाने आणि अर्धी दुसऱ्याच्या.

अलीकडच्या शहराचं म्हणणं, चालायच्या फळ्या लाकडाच्याच हव्यात, लोखंडावर पाय घसरतो. पलीकडच्याचं म्हणणं, लोखंडाच्याच हव्यात, लाकूड कुजतं. अलीकडे कमरेएवढा एक दांडा कठड्याला पुरे. पलीकडे दोन दांडे, शिवाय पायाशी वीतभर पट्टी. एका बाबतीत दोन्ही शहरांचं एकमत होतं : परांची हद्दीच्या पाऊण हात आत थांबली पाहिजे, आणि टोकाला कठडा हवा. ओळंब्याने दोन्ही बरहुकूम बांधल्या. दोन्ही साहेबांनी आपापली बाजू तपासून सही केली. मध्ये दीड हाताची फट राहिली. ती कुणाच्याच कागदावर नव्हती.

प्लास्टरवाल्यांत ओळंब्याचा जावई होता. माल अलीकडच्या बाजूने वर चढायचा. तो पलीकडे न्यायचा, तर चार मजले उतरा आणि चार मजले चढा. तिसऱ्या दिवशी ओळंब्याने मान वर केली तर जावई खांद्यावर भरलं घमेलं घेऊन एक कठडा ओलांडत होता, ढांग टाकत होता, दुसरा कठडा ओलांडत होता.

"जावईबापू," ओळंबा खालून म्हणाला. आवाज चढवला नाही. जावयावर कोण ओरडतं? "शिडीने यावं."

"मामा, शिडीने आलो तर माल सुकतो."

"सुकू द्या."

"मुकादम काही माझा सासरा नाही!"

वरचे सगळे हसले. जावई तसाच परत गेला. या खेपेला घमेलं रिकामं होतं, म्हणून जरा उडी मारून.

ओळंबा अलीकडच्या साहेबांकडे गेला. "फटीवर फळी टाकू का?"

"टाक की. लाकडाची. हद्दीपलीकडे जाता कामा नये."

मग पलीकडच्यांकडे. "टाका. लोखंडाची. हद्दीच्या अलीकडे नको."

"म्हणजे फळीचं एक टोक हवेत राहील, साहेब."

"ते तिकडच्यांना विचारा."

संध्याकाळी मुलगी घरी आली. "बाबा, हे सांगतात, तुमच्या परांचीवर काम म्हणजे घरच्या ओट्यावर बसल्यासारखं." ओळंब्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरवाले यायच्या आत त्याने टोकाचे कठडे काढले. फटीवर लोखंडाची फळी टाकली, तिच्यावर लाकडाची, आणि दोन्ही एकत्र आवळल्या. दोन्ही अंगांना दोन-दोन दांडे, पायाशी पट्टी. मग चपला काढून तीनदा इकडून तिकडे चालला. नवीन फळीवर आधी आपण अनवाणी चालायचं, ही त्याची रीत. चपलेला कळत नाही ते तळव्याला कळतं.

दुपारपर्यंत बातमी दोन्ही कचेऱ्यांत पोचली. साहेब आपापल्या शहरातून चढले आणि फळीच्या मधोमध भेटले. दोघेही अंगाने भरलेले.

"वर लाकूड आहे," पलीकडचे म्हणाले.

"खाली लोखंड आहे," अलीकडचे म्हणाले.

"कुणाची ही फळी?"

"माझी," ओळंबा म्हणाला.

अर्धा तास ते फळीवर उभे राहून भांडले. फळी कुरकुरली नाही. मग दोघांनी नोटिसा लिहिल्या. फळी आठ दिवसांत काढावी, न काढल्यास परवाना रद्द.

मुकादमाने भीत भीत विचारलं, "साहेब, धोका आहे म्हणता, तर आत्ताच काढायला नको?"

"मुदत द्यावी लागते," अलीकडचे म्हणाले. पलीकडच्यांनी मान डोलावली.

ओळंब्याने दोन्हींवर सही केली. जावई घमेलं घेऊन मागे खोळंबला होता. साहेब बाजूला होताच तो चालत पलीकडे गेला.

प्लास्टर मुदतीच्या सहाव्या दिवशी पुरं झालं. सातव्या दिवशी ओळंब्याने हुकुमाप्रमाणे फळी काढली. त्याच्या दोन्ही परवान्यांवर आता एकेक शेरा होता, एकतीस वर्षांतला पहिला : धोकादायक बांधणी. परवाने त्याने घडी घालून खिशात ठेवले आणि दोऱ्या सोडायला वर चढला.