सोनबा बसून वाजवतात

सोनबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खुर्चीशी भांडत होते. खुर्ची साधी प्लास्टिकची, तिचा काही दोष नव्हता. सोनबा तिच्यावर बसायचे, क्लॅरिनेट तोंडाला लावायचे, दोन सूर काढायचे आणि नकळत उभे राहायचे. कुणी "बसा" म्हटलं की बसायचे. पुन्हा दोन सूर, पुन्हा उभे.

"पाठीला काही त्रास आहे का?" मी विचारलं. मला कुणाच्याही बाबतीत आधी आजारच सुचतो.

"न्हाय वो ताई. आजवर चालत वाजीवलंय. बूड टेकलं की दमच पुरंना."

सोनबा निरवांगीचे. त्यांच्या वडलांची मेंढरं होती. पुढे मेंढरं गेली, ऊस आला, आणि सोनबांच्या हाती एका यात्रेत बँडवाल्याचं क्लॅरिनेट आलं ते आलंच. आता पंचावन्न-छप्पन्नचे असतील. गावात त्यांचा बँड आहे आणि वरातीत सगळ्यांच्या पुढे तेच असतात.

असा माणूस चेंबर म्युझिकच्या शिबिरात कसा आला, तर सृष्टी मॅडमच्या गाडीमुळे. मॅडम वालचंदनगरच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये वाढल्या. आता पुण्यात असतात, चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवणं हाच त्यांचा व्यवसाय. दर मे महिन्यात त्या कॉलनीतल्या एका जुन्या हॉलमध्ये दहा दिवसांचं शिबिर घेतात. पोटापाण्यासाठी वाजवणारे आणि हौसेनं वाजवणारे असे दोन्ही येतात, तिघाचौघांचे गट पडतात आणि प्रत्येक गट एक रचना बसवतो. चेंबर म्युझिक म्हणजे पूर्वी युरोपात लोक घरच्या दिवाणखान्यात बसून वाजवायचे ते संगीत. वाजवणारे थोडे, प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि समोर हातवारे करणारा कुणी नाही. एकमेकांचं ऐकून वाजवायचं.

तर मॅडमची गाडी निरवांगीजवळ एका वरातीमागे अडकली. पाऊण तास हॉर्न न वाजवता त्या ऐकत बसल्या आणि शेवटी उतरून थेट सोनबांना म्हणाल्या, "आमच्याकडे वाजवायला येता का?"

"कुणाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. लोक ऐकायला येतात."

"आन् नाचनार कोन?"

"कुणीच नाही. सगळे बसून ऐकतात."

सोनबांनी म्हणे बराच वेळ डोकं खाजवलं. "म्हंजी वरात न्हाय. वसरीवरचं वाजप." आणि मे महिन्यातल्या दोन सुपाऱ्या, म्हणजे लग्नाची ठरलेली कामं, पुतण्याच्या गळ्यात घालून ते आले.

माझं तिथं काय काम, असा प्रश्न कुणालाही पडेल. माझी मुलगी राजनंदिनी व्हायोलिन वाजवते. बारावी झाली होती, निकाल लागायचा होता. बारामतीजवळच्या जळोचीहून वालचंदनगरला रोज भर उन्हात तिला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मी गाडी चालवत न्यायचे आणि न्यायचेच तर थांबायचेही. जवळ ओआरएसची पाकिटं, दोन बाटल्या पाणी, व्हायोलिनच्या जादा तारा आणि कापूस. कापूस राजीच्या कानांसाठी. कारण तिचा गट ठरला तो असा: राजीचं व्हायोलिन, मॅडमचा चेलो, इंदापूरचे दातांचे डॉक्टर ऋषिराज यांचा व्हायोलिनहून थोडा मोठा व्हायोला, आणि राजीच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर सोनबांचं क्लॅरिनेट.

राजीनं कापूस घ्यायला ठाम नकार दिला. तिसऱ्या दिवशी तो डॉक्टरांनी मागून घेतला.

सूर चुकण्याचा प्रश्नच नव्हता. मॅडमनी सोनबांच्या फोनवर रचना पाठवली होती, ती ते दोन दिवसांत ऐकून पाठ करून आले. पुढ्यातला कागद नुसता शोभेला. प्रश्न होता गप्प बसण्याचा. पहिल्या भागात एका जागी क्लॅरिनेटनं आठ मात्रा थांबायचं आणि व्हायोलिननं एकट्यानं वाजवायचं, असं लिहिलेलं होतं. सोनबा थांबायचेच नाहीत.

"सोनबा, इथं तुम्ही गप्प," मॅडम म्हणायच्या.

"मी गप बसलो तर लोकास्नी वाटंल बँड बंद पडला."

"राजनंदिनी वाजवतेय ना!"

"लई बारीक वाजीवती वो पोर. तिला आदार नगं व्हय?"

आधार इतका भक्कम असायचा की सात दिवसांत मला माझी मुलगी एकदाही ऐकू आली नव्हती. राजी तशीही अबोल. गट सुरू करायचं काम तिचं होतं. अशा संगीतात सुरू करणारा नाकानं श्वास घेतो, तो ऐकून बाकीचे निघतात. "श्वास मोठ्यानं घे, मला ऐकू येऊ दे," असं मॅडम तिला रोज सांगायच्या. राजी श्वास घ्यायची, पण तो तिलाच ऐकू यायचा.

आठव्या दिवशी मॅडमचा धीर सुटला. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "सोनबा, उद्या दुपारपर्यंत त्या आठ मात्रा जमल्या नाहीत, तर परवाच्या कार्यक्रमाला मला पुण्याहून दुसरा मुलगा बोलवावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

"तुमचं बराबर हाय," सोनबा म्हणाले आणि भाकरीचं फडकं घेऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. फडकं सोडलंच नाही. मला राहवेना. मी ओआरएसचं पाकीट घेऊन गेले.

"एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमचा बँड आहेच की."

"हाय ना. पर ताई, येवढी लग्नं वाजीवली, माझ्याकडं तोंड करून कुनी बसलंय असं एकदाबी झालं न्हाय. पोरं नाचत्यात ती माझ्याकडं पाठ करून. नवरदेवाचं समदं ध्यान घोड्याकडं, कवा पाडतंय म्हून. वरबापाचं ध्यान घड्याळाकडं. म्याडम म्हनल्या, हितं लोक खुर्च्या टाकून ऐकत बसत्यात. म्हनलं, येकदा बगू तरी कसं वाटतंय."

मी विचारलं, "मग वरातीत लोकांना आवडतंय हे कळतं कसं?"

"पायावरनं. पाय थंड पडलं की गानं बदलायचं. त्यात काय अवघड न्हाय."

राजी पायरीवर डबा खात बसली होती. ती एकदम म्हणाली, "काका, तुम्ही बसल्या बसल्या चाला ना."

"आँ?"

"तुम्ही नेहमी चालता ना वाजवताना? मग आठ मात्रा म्हणजे आठ पावलं. खुर्चीवर बसूनच चालायचं. पोचलात की वाजवायचं."

माझी मुलगी परक्या माणसाशी एका दमात इतकं बोलू शकते, हे मलाच नवीन होतं.

सोनबांनी चपला काढल्या, क्लॅरिनेट मांडीवर आडवं धरलं आणि हवेत बघत पाय हलवायला लागले. "मारुतीपासनं निगालो... हे दुकान... ही पिठाची गिरन... आलो बग पारापाशी!" आणि पारापाशी त्यांनी सूर लावला. राजीनं मांडीवर ताल धरला होता. बरोबर नवव्या मात्रेवर आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमसमोर ते मारुतीपासून पारापर्यंत तोंडातून ब्र न काढता गेले. मॅडमनी पुण्याच्या मुलाला येऊ नकोस म्हणून कळवलं. डॉक्टरांनी कानातला कापूस काढून खिशात ठेवला. टाकला मात्र नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. कॉलनीतले लोक होते, बारामतीहून काही पालक आले होते आणि निरवांगीहून एक टेम्पो भरून माणसं. त्यात साखरबाई होत्या, सोनबांच्या पत्नी. त्या माझ्या शेजारी बसल्या. नवऱ्याचं वाजवणं त्यांनी घरातल्या सरावाखेरीज कधी ऐकलं नव्हतं. परक्याच्या लग्नात बँडवाल्याची बायको कशाला जाईल?

"काल रातभर नुसतं पाय हालवत हुते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मुंग्या आल्या. म्या तेल लावलं."

सोनबा आले ते बँडचा लाल कोट घालून, छातीवर सोनेरी दोऱ्या. मॅडम म्हणाल्या, "सोनबा, बाकी सगळे पांढऱ्यात आहेत." तेव्हा ते कोट उतरवून सदरा चढवायला मागच्या खोलीत गेले. तेवढ्यात मॅडमनी माइकवरून लोकांना सांगितलं, "या रचनेचे तीन भाग आहेत. दोन भागांच्या मध्ये कृपया टाळ्या वाजवू नका. शांतता हाही संगीताचाच भाग असतो. टाळ्या अगदी शेवटी." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिला भाग छान झाला. आठ मात्रांची जागा आली, सोनबांचे पाय खुर्चीखाली चालू लागले आणि मला राजीचं व्हायोलिन ऐकू आलं. बारीक होतं, पण सरळ होतं. तार तुटेल म्हणून मी श्वास रोखून धरला होता तो क्लॅरिनेट आल्यावर सोडला.

भाग संपला. हॉलमध्ये चिडीचूप. कुणी खोकलंसुद्धा नाही. आमच्याकडची माणसं एकदा शिस्त पाळायची म्हणाली की अशी पाळतात.

सोनबांनी समोर पाहिलं. मग त्यांची नजर खाली गेली आणि पहिल्या रांगेतले पाय एकेक करून बघू लागली. एकही पाय हलत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सूचना झाली तेव्हा हे मागे सदऱ्याची बटणं लावत होते, आणि सरावाला कधी लोकच नव्हते. सोनबा उठून उभे राहिले, क्लॅरिनेट वर उचललं आणि वरातीतलं एक ठेक्याचं गाणं खणखणीत सुरू केलं.

मॅडमचा गज हवेतच राहिला. डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला. राजी माझ्याकडे बघायला लागली, आणि मी तरी काय करणार होते?

शेजारून साखरबाई उभ्या राहिल्या. "अवो!"

क्लॅरिनेट थांबलं.

"ऐकत्यात ती! बसा खाली!"

"मग समदी गप का?" सोनबांनी स्टेजवरून विचारलं.

"ऐकताना मानूस गपच आसतं! म्याडमनी सांगितलंय, मदी टाळ्या वाजवायच्या न्हाईत म्हून. तुमी हुता कुटं?"

"कोट काढत हुतो."

हॉल हसला. इतकं हसला की एका आजोबांना ठसका लागला. मी लगेच पाण्याची बाटली पुढं दिली. सोनबांनी सगळ्या रांगांवरून सावकाश नजर फिरवली. या वेळी पायांकडे नाही, तोंडांकडे. शेवटच्या रांगेपर्यंत सगळी तोंडं त्यांच्याकडेच होती.

"व्हय की," ते म्हणाले आणि बसले. "चालू द्या."

पण चालू कसं होणार? मॅडम स्वतःच हसत होत्या, डॉक्टर डोळे पुसत होते. मग राजीनं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, मान वर केली आणि श्वास घेतला. तो मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. चौघंही एकदम निघाले.

दुसरा भाग संथ होता. सोनबा इतकं हळू वाजवू शकतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही असेल असं वाटत नाही. रस्त्यावर, हलगीच्या आणि फटाक्यांच्या दणदणाटात, त्या आवाजाचा उपयोग काय? मध्ये एकदा पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली, आणि कुणीतरी उठून पंखाच बंद केला. मे महिन्यात! साखरबाई पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. भाग संपल्यावर पुन्हा शांतता झाली. सोनबा त्या शांततेत हात मांडीवर ठेवून आरामात बसून राहिले.

तिसरा भाग भराभर संपला आणि टाळ्या सुरू झाल्या. मॅडम उठल्या, डॉक्टर उठले, राजी उठली, तिघांनी वाकून नमस्कार केला. सोनबा काही उठेनात.

"काका, उठा आता," राजी कुजबुजली. हल्ली तिचं कुजबुजणंही ऐकू येतं.

"थांब गं बाय. आत्ता कुठं बसलोय."

तेव्हा उभे होते ते तिघंही परत खाली बसले. टाळ्या चालूच होत्या.