बिटाच्या लोणच्याला पाणी सुटलं

आमच्या घरात लोणच्याला मीठ घालायचा हक्क एकट्या सासूबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणते. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेनं कैरीचं लोणचं घातलं आणि महिन्याभरात त्याला पाणी सुटलं, वर बुरशी आली. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "तुझ्या हाताला लोणचं टिकत न्हाई." झालं! तेव्हापासून एकवीस वर्षं मी कैऱ्या फोडते, मोहरी कुटते, बरण्या उन्हात ठेवते; मिठाची वेळ आली की मात्र बाजूला सरकायचं. शाळेत मी पोरांना गणितात पास-नापास करते, आणि घरात माझाच हात नापास.

यंदा थंडीत म्हटलं, बिटाचं घालू. सिरक्यातलं. ते आत्याबाईंच्या राज्यातच येत नाही, आणि सिरक्यात तर काहीही टिकतं. एकदा माझ्या हातचं टिकलेलं त्यांच्या ताटात वाढलं, की बस्स! जुन्या जालन्यातल्या किराणावाल्याकडं व्हिनेगर मागितलं, तर तो म्हणाला, "सिरका म्हणा ना मॅडम, जल्दी सापडंल." बिटं सालीसकट उकडली, सोलून चकत्या केल्या, सिरक्याला साखर, लवंग, दालचिनी घालून उकळी दिली आणि चकत्या बुडेपर्यंत काचेच्या बरणीत ओतला. मीठ तेवढं गडबडीत राहून गेलं. म्हटलं, वाढताना घालू. बरणी अशी देखणी दिसत होती की मी दोनदा फोटो काढला. आत्याबाईंना मुद्दामच काही सांगितलं नाही. पंधरा दिवस थांबायचं होतं.

आठव्या दिवशी मला तीर्थपुरीला माहेरी जावं लागलं. दोन दिवसांनी परत आले, चप्पल काढते न काढते तोच मोरीकडं नजर गेली. लालभडक!

"अगं बाई, कुणाला लागलं?" मी ओरडलेच.

"कुणाला न्हाई," आतून आत्याबाईंचा आवाज आला. "तुझं लोणचं सावरून राह्यले."

माझी बरणी पालथी. सगळा सिरका मोरीत! चकत्या मात्र गच्चीवर उन्हात सुकून, मोहरी-मेथी-तिखट लावून, वर तेलाची गार फोडणी घेऊन परातीत ऐटीत बसलेल्या. माझं डोकंच सणकलं.

"आत्याबाई, त्याला पाणी सुटलं नव्हतं! मीच घातलं होतं ते!"

"लोणच्यात पाणी घालतं का कुणी? आंबूस वास, वरपर्यंत पाणी. मंग काय समजायचं माणसानं?"

"सिरका होता तो! आता हे टिकलं तरी तुमच्याच हातचं म्हणतील. माझं काय राहिलं त्यात?"

आत्याबाई पदराला हात पुसत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "पहिल्या साली मोरीत नळ सोडून रडली व्हतीस. मला ऐकू आल्तं. तोंडातून गेला शब्द, मंग माघारी कसा घ्यायचा? औंदा पुन्हा नासलं म्हनलं तर पुन्हा रडशील. म्हनून तू यायच्या आत उरकून राह्यल्ते."

एकवीस वर्षं ते वाक्य मला टोचत होतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही टोचत होतं, हे आत्ता कळलं. राग कुठं गेला कोण जाणे, मला हसूच फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. लपवायला म्हणून एक चकती तोंडात टाकली. आतून सिरक्यानं आंबट, बाहेरून झणझणीत. बिलकुल फर्मास!

"पण आत्याबाई, हे अळणी आहे."

"मीठ घातलंच न्हाई अजून," त्या म्हणाल्या आणि डबा माझ्याकडं सरकवला. "तुझं लोणचं हाय. तूच घाल."

मी मूठ भरली. एकवीस वर्षांच्या हौसेनं ती सगळीच ओतली आणि व्हायचं तेच झालं. यंदाचं बिटाचं लोणचं चांगलंच खारट आहे. पण उन्हाळा लागला तरी टिकलंय.