स्नोडन लिलीचा कडा

मी ब्रिटिश आर्मीत कॉम्बॅट मेडिक होते, जखमींवर जागीच उपचार करणारी. साउथहॅम्प्टनला वाढले, आई-बाबा दोघंही तिथेच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. त्या वर्षी आमची तुकडी परदेशातली लांबलचक तैनाती संपवून परतली होती. सगळे थकलेले. झोपून जाईल असला थकवा नव्हता तो. जेवता जेवता माणसं चमचा हातात धरून भिंतीकडे बघत बसायची. जूनमध्ये आम्हाला रोप ट्रेनिंगसाठी नॉर्थ वेल्सच्या डोंगरात पाठवलं. तेवढाच हवापालट, असं कॅप्टन म्हणाले.

सहाला चहा, सातला किट तपासणी, मग दिवसभर कड्यावर दोर लावायचे आणि काढायचे. दोरांची जबाबदारी सार्जंट इयन मॅक्रेकडे. स्कॉटिश माणूस, सगळे त्याला मॅक म्हणायचे. बोलणं कमी. प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघायचा, मग दुसऱ्याला ओढायला लावायचा.

दुसऱ्या आठवड्यात मेग आली. साठीची बाई, वनस्पतिशास्त्रज्ञ. स्नोडन लिली नावाच्या फुलावर ती अनेक वर्षं नजर ठेवून होती. इवलंसं पांढरं फूल, पाकळ्यांवर जांभळट रेषा. ब्रिटनमध्ये ते फक्त याच डोंगरांत उरलंय, उत्तरेकडच्या थंड कड्यांवर, मेंढ्या-बकऱ्या पोचत नाहीत अशा जागी. हवा तापत चाललीय आणि त्याला आणखी वर सरकायला डोंगरच उरलेला नाही, असं मेग म्हणाली. एका कपारीत ते अजून तग धरून आहे का, हे तिला उतरून बघायचं होतं. कॅप्टननी परवानगी दिली.

आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला.

"फुलं बघायला आर्मी कशाला लागते गं?"

"कड्यावर आहेत ती, आई."

"मग असू देत की कड्यावर. तू झोप जरा."

सकाळी ढग खाली आले होते, पण कडा दिसत होता. मॅक आणि मेग उतरले. मी वर, मेडिकल बॅग आणि रेडिओ घेऊन.

"सॅव, सापडलं," मॅक रेडिओवर म्हणाला. माझं आडनाव सावंत, म्हणून सॅव. "एक उमललंय. बाकी मला सगळं गवतच दिसतंय. मेग रडतेय."

मग आवाज झाला. कपारीच्या वरचा एक दगडी तुकडा सुटला होता. खाली नुसती धूळ.

"मॅक, रेडिओ चेक, ओव्हर."

काहीच नाही. मी पुन्हा विचारलं.

"दोन कॅज्युअल्टी, मी आणि मेग," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "खाली ये."

मी दुसऱ्या दोरावरून उतरले. कपार जेवणाच्या टेबलाएवढी. मेग भिंतीला टेकून बसलेली, पाय गुडघ्याखाली मोडलेला. मॅकने तिला भिंतीकडे ढकललं होतं आणि स्वतः तिच्यावर आडवा झाला होता. दगड त्याच्या पाठीत बसला.

"तिला आधी बघ."

"सार्ज, इथे मेडिक मी आहे."

तो हसला, अर्धवट. मी त्यालाच आधी बघितलं. बरगड्या मोडलेल्या, पोट कडक, नाडी धावत होती. आत रक्तस्राव होत होता. त्याला ऑपरेशन थिएटर हवं होतं. माझ्याकडे ऑक्सिजन, सलाइन आणि ब्लँकेट होतं. ते सगळं वापरलं. मग मेगच्या पायाला स्प्लिंट बांधला.

हेलिकॉप्टर आलं. ढगात आम्हाला त्याचा आवाज ऐकू येत होता, अगदी डोक्यावर. त्याला खाली येता आलं नाही. घिरट्या घातल्या आणि आवाज लांब गेला.

"रेस्क्यू टीम पायी निघाली आहे," रेडिओवर सांगितलं.

"रॉजर," मी म्हणाले. मॅकने ते ऐकलं होतं. त्यांना पोचायला लागेल तेवढा वेळ त्याच्याकडे नाही, हा हिशोब त्यालाही कळत होता.

"मी इथे यायलाच नको होतं," मेग म्हणत राहिली. मॅकने तिचा हात धरला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सॅव, बूट."

मी खाली बघितलं. माझी टाच त्या फुलाला टेकायच्या बेतात होती. मी पाय उचलला.

त्यानंतर तो बोलला नाही. टीम पोचली तेव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मेग अजून हात धरून होती.

पुढच्या वर्षी मी आर्मी सोडली. मेग आता काठी घेऊन चालते. दर जूनला फोन करून फूल आलं की नाही ते सांगते. कधी येतं, कधी नाही.

'फुलासाठी सार्जंटचं बलिदान', असं तेव्हा पेपरात छापून आलं होतं. अंत्यविधीनंतर मॅकची बायको शोना मला त्यांच्या घरी किचनमध्ये घेऊन गेली आणि दार लावून घेतलं.

"खरं काय झालं ते सांग."

मी सांगितलं. सगळं, क्रमाने, रिपोर्ट द्यावा तसं. मग ती नळ सोडून एकेक कप विसळायला लागली.

"फूल नसतं तरी त्याने तेच केलं असतं," ती म्हणाली. "बस स्टॉपवर उभा असता, तरीसुद्धा."