टाकीवर लिहिलं होतं

माझ्या पोरीची मास्तरकी मी स्वतः वाचून घालवली. लोकांच्या नोकऱ्या अडाणीपणामुळे जातात, आमची माझ्या शिक्षणामुळे गेली. मी चौथी पास आहे.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास पाऊस पळाला होता. आमच्या जळकोटकडच्या विहिरींत तळाचे दगड मोजता येत होते. पण नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या आणि नव्या जागा. माझी गिरिजा डी.एड. झाली होती. तिला मुलाखतीचा कागद आला: लातूर, सकाळी अकरा. आमच्या भावकीतली एक बाई पगार घेणार, या विचाराने मी चार दिवस चुलतजावांशी नीट बोलले नाही.

घरी एक जुनी जीप होती, सरकारी लिलावातली. दुष्काळात ती पिंपं लादून पाणी वाहायची. त्या दिवशी गावात टँकर येणार होता, म्हणून आमचे मालक घागरी घेऊन रांगेत थांबले. जीप माझे दीर विरभद्र चालवणार. ते शाळेच्या वाटेलाही गेलेले नव्हते. निघताना मी कीव केली त्यांची.

उदगीरच्या पेट्रोलपंपावर टायरमध्ये हवा कमी दिसली. विरभद्र हवेचा पंप मागायला पलीकडच्या दुकानात गेले. जाताना म्हणाले, "वैनी, तेवढ्यात डिझेल भरून घ्या."

तेल घालायला युसूफचाचा होते. पांढरी दाढी, हातात नळी. "डिझेल ना अम्मा?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात टाकीच्या झाकणावर नजर गेली. पांढऱ्या रंगात, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: फक्त पेट्रोल. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. (बोट ठेवून. वाचणाऱ्याने कसं वाचावं, तर समोरच्याला कळलं पाहिजे.)

"लिखा होगा," चाचा म्हणाले. "पर अम्मा, गाडी आली तवा आवाज डिझेलचा होता. तीस बरस हेच ऐकून राहिलो मी."

"चाचा, तुमाला वाचता येतं?"

"नहीं अम्मा."

"मग झालं तर."

गिरिजा मागून हळूच म्हणाली, "माय, चाचाचं ऐक. न्हाईतर काका येईस्तोवर थांब."

"तू तुझं मुलाखतीचं पाठ कर," मी म्हणाले. "इंजिनाचं मी बघते."

टाकी पेट्रोलने गच्च भरली. विरभद्र आले, हवा भरली, निघालो. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सुधारलेली चूक लगेच सांगत सुटू नये, समोरच्याला वाईट वाटतं.

थोडं अंतर जीप बरी चालली. मग आतून कुणीतरी खलबत्ता कुटल्यासारखा आवाज येऊ लागला.

"वैनी, वास कशाचा येऊन राहिला? पेट्रोलचा हाय का?"

"मग काय तुपाचा येईल?"

विरभद्रांनी जीप थांबवली. "काय घातलं तुमी?"

"लिवलंय ते घातलं."

ते स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले. मग म्हणाले, "लिवलंय ते जुन्या इंजिनाचं हाय, वैनी. दोन वर्साखाली डिझेलचं बशिवलं की. साऱ्या गावाला ठाव हाय."

"मग अक्षरं का पुसली न्हाईत?"

"मला काय म्हाईत तिथं काय लिवलंय?"

आता जीप सुरू करायची नाही, टाकी आधी रिकामी करायची, असं ते म्हणाले. मी म्हणाले, "अकरा वाजायला आलेत. मारा अजून एकदा." त्यांनी नको म्हटलं. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी मारलं. आत काहीतरी कडकन तुटलं आणि जीप कायमची शांत झाली.

तरीही त्यांनी टाकीचं बूच काढून खाली बादली लावली, भरली की मागच्या पिंपात ओतायची. जवळच एक तांडा होता. दुष्काळात गाडीखालून बादली भरताना दिसली की माणूस काय समजणार? दहा मिनिटांत पंधरा बायका घागरी घेऊन रांगेत. एक म्हातारा बिडी ओढत पुढे आला.

"बिडी इझवा! पेट्रोल हाय," विरभद्र ओरडले. म्हातारा मागे पळाला. बायका हलल्या नाहीत.

"पानी न्हाई बाई हे," मी म्हणाले. "पेट्रोल हाय."

पहिल्या नंबरची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "देयाचं न्हाई तर तसं सांग. पेट्रोल कशाला म्हनतीस?"

मी तिला वास घ्यायला लावला. तिने घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि रिकामी घागर डोक्यावर ठेवून निघाली. जाताना म्हणाली, "शिकलेली दिसती." का म्हणाली देव जाणे.

एका ट्रकवाल्याने आम्हा मायलेकींना लातूरला सोडलं तेव्हा तीन वाजून गेले होते. मुलाखतीची खोली झाडत होते. गिरिजाचं नाव तीनदा पुकारून खोडलं होतं. ती रडली नाही. भिंतीला टेकून फाइलची दोरी सोडत होती आणि बांधत होती. रडली असती तर बरं झालं असतं, मला दटावायला काम मिळालं असतं.

कारकुनाला मी पुष्कळ विनवलं. तो म्हणाला, "उशिराचं कारण लेखी द्या. साहेबांपुढे ठेवतो. आणखी काही होणार नाही."

गिरिजाने पेन उचललं नाही. मग मीच लिहिलं, सगळं खरं खरं, खाली सही केली. कारकुनाने वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अक्षर वळणदार आहे हो तुमचं." आणि कागद फाइलला लावला.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत आमच्या घरच्या एका बाईची नोंद व्हावी अशी माझी फार इच्छा होती. ती झाली. पण पोरीची व्हायची होती, माझी झाली. आणि कारणासकट!