पान दोनशे चौदा

एकेहार्ड श्टीफेलेनं अडतीस वर्षं पॅकिंगच्या यंत्रांच्या गिअरची ड्रॉइंगं काढली आणि प्रत्येक ड्रॉइंगमध्ये एक चूक मुद्दाम ठेवली. त्यांच्या कारखान्यातली ती जुनी रीतच होती. तपासणाऱ्यानं चूक हेरून लाल पेन्सिलीनं गोल केला, की समजायचं, गड्यानं कागद खरंच पाहिलाय. लाल खुणेविना कागद परत आला, तर तो न बघताच आलेला. तपासणारा होता ओटमार ब्यूलर. त्यानं एकही चूक सोडली नाही. गोलाशेजारी तो बारीक अक्षरात लिहायचा, 'सापडलास.' एकेहार्डला आयुष्यात दुसऱ्या कुणी इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक सफरचंदाची झाडं छाटत बसतात, यानं कादंबरी लिहिली. सहाशे बारा पानं. शनीच्या चंद्राकडे निघालेलं एक यान आणि त्याचा हेकट कप्तान. सहा वर्षं त्यात गेली. दोन प्रकाशकांनी छापील नकार पाठवला, बाकीच्यांनी तेवढाही कागद वाया घालवला नाही. मग त्यानं स्वतःच पुस्तक छापून घेतलं, खोकी तळघरात वॉशिंग मशीनशेजारी रचली आणि गावभर प्रती वाटत सुटला. डॉक्टरला दिली, पाद्रीबाबांना दिली, गायनमंडळातल्या झाडून सगळ्यांना दिली. बायकोला मात्र नाही दिली. रोसविटानं जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले, तिला यानातलं काय कळणार, हे त्याचं ठाम मत. हे मत त्यानं कधी कुणाकडून तपासून घेतलं नव्हतं.

लोकांनी पुस्तक घेतलं आणि गप्प बसले. गुरुवारी दुपारी खाणावळीत नेहमीच्या टेबलाशी तो बसला, की थट्टा तेवढी व्हायची. "काय रे एक्के, शनीवर आज हवा कशी आहे?" त्यापुढे कुणी जाईना. पण एकेहार्डची सगळी भिस्त ओटमारवर होती. ओटमारला प्रत देताना त्यानं सोबत नवीकोरी लाल पेन्सिल दिली होती. आणि पान दोनशे चौदावर चूक ठेवली होती. यानाचं इंधन दोनशे नऊवर संपतं आणि दोनशे चौदावर कप्तान खुशाल इंजिन पेटवतो. शेंबड्या पोरालाही दिसावी अशी चूक. तेवढा एक गोल मिळाला असता, तरी सहा वर्षांचं चीज झालं असतं.

चार महिन्यांनी ओटमारनं पुस्तक आणि पेन्सिल खाणावळीत परत आणली.

"फक्कड!" मसुराच्या ताटावरून हात पुढे करत तो म्हणाला. "अप्रतिम लिहिलंयस. बोट ठेवायला जागा नाही बघ."

एकेहार्डनं चमचा खाली ठेवला. आमच्या दक्षिण जर्मनीतल्या श्वाबी मुलखात कौतुक करायची पद्धत नाही. शिव्या घातल्या नाहीत, की तेच कौतुक. फारच आवडलं तर लोक 'चालेल' म्हणतात. इथं तोंडभर स्तुती करणारा माणूस काहीतरी लपवत असतो.

"दोनशे चौदा पान कसं वाटलं?"

"ते तर कळस! बायकोला वाचून दाखवलं मी."

"तिथं चूक आहे, ओटमार."

ओटमारनं बिअरचा पेला खाली ठेवला. आधी तो कानापर्यंत लाल झाला आणि मग, पकडला गेलेला माणूस चिडतो तसा चिडला.

"हे बघ एक्के, खरं सांगू? तुझे कागद तपासायचा मला पगार मिळायचा."

पुस्तकाच्या पाठीवर एक सुरकुती नव्हती. पेन्सिलीचं टोकही तसंच होतं. एकेहार्ड दोन्ही वस्तू घेऊन जेवण अर्धं टाकून उठला.

त्या आठवड्यात इमारतीचा सामाईक जिना पुसायची पाळी एकेहार्डच्या घराची होती. रोसविटा वाकून पायऱ्या पुसत होती.

"हलकट आहेत सगळे!" तो खालूनच ओरडला. "एकालाही वाचता येत नाही या गावात! मुद्दाम ठेवलेली चूकसुद्धा दिसली नाही!"

"बूट काढ आधी. आत्ता पुसलंय." त्यानं बूट काढले. ती फडकं पिळत म्हणाली, "दोनशे चौदाचं म्हणतोयस ना? इंधनाचं?"

एकेहार्ड कठडा धरून उभाच राहिला.

"मला वाटलं, खरंच चुकलायस. म्हणून गप्प बसले. तुला कुठं चूक दाखवलेली खपते?"

"तू... तू वाचलीस?"

"तळघरात. कपडे धुऊन व्हायला दीड तास लागतो. दोनदा वाचली."

त्याचा चेहरा असा उजळला, की मघाचा अपमान तो विसरूनच गेला. घाईघाईनं खिशातून लाल पेन्सिल काढून त्यानं तिच्यापुढे धरली. "मग? आणखी काय सापडलं? सांग ना!"

रोसविटानं ओल्या हातांकडे पाहिलं. पेन्सिल घेतली नाही.

"कप्तानाची बायको एकाहत्तराव्या पानावर आजारी पडते. पुढे ती कुठंच नाही. बरी झाली का मेली, कुणी विचारतसुद्धा नाही. शेवटी सगळे चंद्रावर उतरतात, त्यांच्यात ती नाही." तिनं फडकं बादलीत बुडवलं. "तीपण चूक मुद्दाम ठेवलीयस का रे?"

एकेहार्ड मोज्यांवर उभा राहून एकाहत्तरावं पान आठवू लागला. त्याला त्या बाईचं नावसुद्धा आठवेना. रोसविटा खालची पायरी पुसायला वळली.