उजळून आणलेल्या महालक्ष्म्या

एका वर्षी आमच्या घरात दुसऱ्याच घरच्या महालक्ष्म्या बसणार होत्या, आणि त्या मी स्वतः एस.टी.चं तिकीट काढून आणल्या होत्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि कुंभार पिंपळगावात आपल्याइतकं कुणालाच काही कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती (गावाची नव्हती). भादव्यात आमच्याकडे महालक्ष्म्या येतात. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी. माहेरवाशिणींसारख्या येतात, पुरणपोळी जेवतात आणि निरोप घेतात. धान्याच्या कोठ्यांना लुगडी नेसवायची आणि वर पितळी मुखवटे बसवायचे, ही रीत. आमचे मुखवटे पणजीच्या काळातले. हळदीकुंकवाचे आणि तेलाचे थर बसून बसून ते इतके काळपट झाले होते, की नाक कुठं संपतं आणि ओठ कुठं सुरू होतो ते फक्त आईलाच कळे.

"आई, बिचाऱ्या माहेरी येतात अन् आपण त्यांचं तोंडसुद्धा धुत न्हाई!" मी म्हणालो.

"आपल्यात घासत न्हाईत."

"का पण?"

"तुझी आजी घासत न्हवती."

"आजी का घासत नव्हती?"

"म्या सासूला इचारत बसले असते, तर तू झाला असता का?"

या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण हट्ट करून मी मुखवटे पिशवीत घातले, जालन्याच्या एका तांबटाकडं उजळायला टाकले आणि सणाच्या आदल्या दिवशी ऐटीत घरी घेऊन आलो.

आईनं फडकं सोडलं. बघितलं. पुन्हा बघितलं.

"ह्या कोण?"

"कोण म्हंजे? महालक्ष्म्या!"

"त्या दिसूनच राह्यल्या. कोणाच्या?"

मुखवटे सोन्यासारखे लखलखत होते. धारदार नाकं, रेखीव भुवया, गालावर चक्क खळ्या!

"आपल्या थोरलीचं नाक बसकं हाय. ही बाई तर शहरातली वाटून राह्यली!" आई म्हणाली. (देवीला आई 'बाई' म्हणाली, तेव्हाच प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.)

मी वडिलांकडं धावलो. "बापू, तुम्ही सांगा. जन्मापासून बघून राह्यले तुम्ही!"

बापूंनी सुपारी कातरता कातरता मुखवट्यांकडं एक नजर टाकली. "म्या तोंडाकडं कधी बघतो? म्या आपलं पायावर डोकं टेकवतो."

(आमच्या महालक्ष्म्यांना पाय नाहीत, ही गोष्ट इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आली नव्हती.)

झालं! आईनं हाय खाल्ली. "माझ्या लक्ष्म्या कोण्या परक्याच्या घरी उपाशी बसल्या असतील रे!" म्हणत ती उंबऱ्यातून आतबाहेर करू लागली. ती आत गेली की मी बाहेर, मी आत आलो की ती बाहेर. पुरणाची डाळ निवडायची राहिली, कोठ्या तशाच उभ्या राहिल्या. सकाळची पहिली एस.टी. येण्याच्या कितीतरी आधीपासून मी पिशवी घेऊन स्टँडवर येरझाऱ्या घालत होतो.

तांबटाच्या दुकानात ही गर्दी! प्रत्येकाला जल्दी, प्रत्येकाच्या हातात एकेक देवी.

"मामा, तुम्ही आमच्या बदलल्या!"

"बिलकुल न्हाई!"

"बिलकुल बदलल्या! आमच्या थोरलीचं नाक बसकं हाय!"

"आरं, आख्ख्या मुलखाच्या लक्ष्म्या माझ्याकडं आल्यात. कोणाकोणाची नाकं ध्यानात ठेवू? बघ तिथं मांडल्यात, तुझ्या कोणत्या त्या घे अन् जाय!"

मी रांग बघितली आणि शेवटच्या जोडीपाशी माझा जीव भांड्यात पडला. काळ्याभोर, तेलकट, बसक्या नाकाच्या! मला सगळा उलगडा झाला. आमच्या उजळायच्याच राहिल्या होत्या आणि आम्हाला दुसऱ्याच कुणाच्या दिल्या होत्या! लखलखीत जोडी रांगेत ठेवली, काळी पिशवीत टाकली आणि पळत सुटलो.

"ह्याच गं माझ्या माया!" आईनं दोन्ही मुखवट्यांची दृष्ट काढली. मी मान ताठ करून मिरवलो. आई घाईघाईनं तुळशीपासून कुंकवाची पावलं काढत मुखवटे घेऊन दाराशी आली. बापूंनी आतून ताट बडवत विचारलं, "कोण आलं?"

"लक्ष्मी आली!"

"कशाच्या पावलानं आली?"

तेवढ्यात अंगणातून एक दणदणीत आवाज आला, "चोराच्या पावलानं आली!"

ताट बापूंच्या हातातून खाली पडलं. दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे, मागं ट्रक.

"म्या शहागडचा. लक्ष्म्या आमच्या हायत. उजळायला टाकल्या, तर तांबट म्हणला, पिंपळगावचं एक लई शिकलेलं पोरगं उचलून घेऊन गेलं! घरी कोठ्या बिनमुंडक्याच्या उभ्या, अन् मंडळी रडून राह्यली! ह्या घ्या तुमच्या." त्यांनी पिशवीतून ती लखलखीत जोडी काढली.

"ह्या आमच्या न्हाईतच!" आई ओरडली.

"पण त्या तर आमच्याच हायत ना!"

त्यांनी काळ्या धाकटीचा कान धरला, आईनं हनुवटी. लखलखीत दोघी जोत्यावर बेवारशी पडलेल्या. मध्ये मी. शेवटी मी "चहा घेता का?" असं विचारलं. दोघांनीही माझ्याकडं असं बघितलं, की मी दोन पावलं मागं सरलो.

त्याच वेळी टेंभुर्णीहून आमची आत्या आली. कडेला पिशवी टेकवली आणि जोत्याकडं बघून किंचाळली, "अगं बाई! माझ्या लहानपणी अश्शाच दिसायच्या!"

"वन्सं, नीट बघा," आई म्हणाली.

"बघायचं काय त्याच्यात?" आत्यानं लखलखीत धाकटी उलटी केली. कानामागं चांगला बोटभर पोचा! "दादानं ढकललं, अन् ही माझ्या हातातून जात्यावर आपटली. मंग आम्ही दोघांनी पोचा कुंकवानं भरला अन् आईला म्हणलं, लक्ष्मीचं तोंड घासत नसतेत, कोप होतो!"

आईनं हनुवटी सोडली आणि सावकाश बापूंकडं बघितलं. बापू घाईघाईनं सुपारी शोधू लागले. सुपारी त्यांच्या हातातच होती.

शहागडच्या लक्ष्म्यांनी आमचा उंबरा जवळजवळ ओलांडलाच होता. दारी आलेल्या लेकींना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? आईनं दोघींची ओटी भरली, मग त्यांना जाऊ दिलं. ते गृहस्थ चहाही प्यायले, फक्त माझ्या हातचा नको म्हणाले. आमच्या खऱ्या महालक्ष्म्या दिवेलागणीला एकदाच्या बसल्या. तीन दिवस आई त्यांच्यापुढं जरा बुजल्यासारखीच वावरली.

पुढं माझ्यासाठी मुलगी बघायची वेळ आली. मी भांग पाडून, नवा सदरा घालून निघालो, तर एस.टी.त शेजारी आत्या येऊन बसलेली. आईनं तिला खास टेंभुर्णीहून बोलावून घेतलं होतं.

"लग्नापर्यंत म्या ह्याच्या संगं राहायचं हाय म्हणे," आत्या कंडक्टरला सांगत होती. "पोरगं हुशार हाय हो, पण भरवसा न्हाई. पसंत एकीला करंल, अन् घरी घेऊन यील भलतीलाच!"