लाइटवेट गटाच्या तळाला

डिसेंबर लागला की माझं डोकं फिरतं. महाडला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. वर्षभर मी तिथे दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लिहिते. त्यातल्या बऱ्याच मजकुरावर माझा काडीचा विश्वास नसतो, पण बोटं अडत नाहीत. अडतात ती वर्षाच्या शेवटी, फुकटच्या एका लिखाणावर. ते म्हणजे आमच्या मुष्टियुद्धाच्या ग्रुपमधल्या लाइटवेट गटाचा वार्षिक आढावा.

हा ग्रुप काढला आमच्याच गावच्या एकाने. तो मुंबईत वाढलेला, कॉम्प्युटरमधला, शिमग्याला आणि गणपतीला गावी उगवणारा. त्याच्याकडे एक प्रोग्रॅम आहे. त्यात जुन्या-नव्या मुष्टियोद्ध्यांचे गुण भरायचे: ठोसा किती जड, पाय किती चपळ, जबडा किती टणक, जिगर किती. मग शंभर वर्षांपूर्वी मेलेला आणि आज जिवंत असलेला, दोघांची खुशाल झुंज लावायची. चित्रबित्र काही नसतं, मोबाइलवर नुसत्या ओळी येतात. चौथी फेरी, डावा ठोसा बरगडीत, घंटा. ऐकायला पोरखेळ वाटतो, आणि आहेच. पण पन्नाशीतले बापये त्यावरून एकमेकांशी बोलायचे बंद होतात, हे मी पाहिलेलं आहे.

प्रत्येक वजनगटाला एक सांभाळणारा असतो. हेवीवेटसाठी हाणामारी झाली. लाइटवेट माझ्या गळ्यात मारला, कारण काय, तर "ताई, तुमचे बाबा त्याच वजनाचे होते ना!"

होते. माझे वडील मुंबईला गोदीत कामाला होते आणि कामगारांच्या स्पर्धांत खेळायचे. त्यांचे पाय असे हलायचे की समोरच्याला ते दोन दिसायचे, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. एका वर्षी ते अंतिम फेरीत गेले आणि झुंजीच्या दिवशी रिंगणात आलेच नाहीत. पंचांनी समोरच्याचा हात वर केला. त्यानंतर बाबांना संघात कोणी उभं केलं नाही.

ते का आले नाहीत, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. निदान मला तसं वाटायचं. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी निघते, तिचा पहिला खांदा आमच्या घराचा. खांदा द्यायला घरचा पुरुष नसेल तर मान दुसऱ्या घराला जातो, आणि गेलेला मान परत मिळत नाही. आजोबा त्या साली अंथरुणाला खिळलेले. गावकीच्या प्रमुखाने मुंबईला निरोप धाडला: "खांदा रिकामा ठेवू नका." बाबा पिशवी उचलून निघाले. आणि हा निरोप धाडणारा कोण? तर आमच्या ग्रुपवाल्याचा सख्खा आजोबा.

ग्रुपचा नियम असा की सांभाळणाऱ्याने जगातल्या गाजलेल्यांबरोबर एक आपला घरचा गडी उतरवायचा. मी अर्थातच बाबांना उतरवलं. गुण ग्रुपवाला देतो. त्याने ठोशाला बरे दिले, पायांना उत्तम दिले, आणि जिगर या रकान्यात देता येतो तितका कमी आकडा टाकून पुढे शेरा मारला: "मैदान सोडतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या आजोबाने माणसाला मैदानातून बोलावून नेलं, त्याच्याच नातवाने त्या माणसाला पळपुटा ठरवायचं! मी ग्रुपवर तसं लिहिलं. तो म्हणाला, "ताई, भावना बाजूला ठेवा. रेकॉर्डला जे आहे ते आहे." मी लिहिलं, "मग तुझ्या आजोबांचा निरोपही रेकॉर्डला घे." त्यावर हात जोडल्याचं चित्र आलं. बाकीच्यांनीही तेच चित्र टाकलं. दिवसभर माझ्या मोबाइलवर नुसते जोडलेले हात येत होते.

एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. प्रोग्रॅमला शिमगा कळत नाही, त्याला आकडा कळतो. त्यातले बाबा सुरुवातीच्या फेऱ्या थाटात जिंकायचे, आणि झुंज अटीतटीला आली की दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीला स्टुलावर बसायचे ते पुढच्या घंटेला उठायचेच नाहीत. एकदा नव्हे, दरवेळी. आणि बाबा हे वाचायचे! ते पोलादपूरच्या वर डोंगरातल्या आमच्या वाडीत एकटे राहतात. तिथे रेंज देवळाशीच येते, म्हणून दर रविवारी ते काठी टेकत देवळापर्यंत जायचे आणि आपण कसे हरलो ते वाचून परत यायचे. बंद करा म्हटलं तर हसायचे. त्यांच्या त्या हसण्याचाही मला राग यायचा.

यंदा ग्रुपवाल्याने नवी टूम काढली. प्रत्येक गटात तळाला राहिलेला गडी कायमचा बाद, आणि बाद करण्याचं कारण सांभाळणाऱ्याने आढाव्यात लिहायचं. लाइटवेटच्या तळाला कोण होतं हे सांगायला नको. म्हणजे बापाला पळपुटा म्हणायचं, तेही लेकीने, स्वतःच्या हाताने.

वरचा आढावा मी झरझर लिहून काढला. पदक शेवटी गेल्या वर्षीच्याच विजेत्याकडे, जुन्या काळातल्या एका डावखुऱ्याकडे राहिलं. उन्हाळ्यात एका आजकालच्या पोराने त्याला गुणांवर हरवलं, पण गणपतीनंतर त्याने त्याच पोराला सहाव्या फेरीत झोपवून हिशेब चुकता केला. सगळ्यात देखणी झुंज हरलेल्यानेच खेळली. सगळ्यात रटाळ झुंज दोन माजी जगज्जेत्यांची झाली, दोघे एकमेकांना मिठ्या मारत राहिले. हे सगळं मजेत लिहिलं. मग तळाच्या गड्याशी आले आणि कोणाला सोडलं नाही. लिहिलं की या गड्याने मैदान सोडलेलं नाही. त्याला गावकीने ओढून नेलं, आणि नेणाऱ्याचं घर आज बसून गुण वाटतंय. ग्रुपवाल्याच्या आजोबांचं नाव, हुद्दा, सगळं घातलं. वाचून मला गार वाटलं.

पाठवण्याआधी बाबांना ऐकवावं म्हणून रविवारी एसटीने पोलादपूरला उतरले, तिथून रिक्षाने वाडीवर गेले. बाबा पडवीत कोयतीला नवी मूठ बसवत होते. मी वाचायला लागले. डावखुऱ्याचं ऐकून ते खूश झाले. "तो उजव्या अंगाला उघडा पडतो, पन कोनी मारीत नाय," म्हणाले. मग तळाचं वाचलं, अगदी कोर्टात वाचावं तसं ठासून.

बाबांनी कोयती खाली ठेवली. "ह्ये खोड."

"का खोडू? घाबरता काय त्या घराला?"

"पालकी नाय उचलली मी त्या साली."

मला वाटलं वयामुळे विसरतायत. ते विसरत नव्हते. पहाटे पोलादपूरला उतरून चालत वर येताना त्यांना ओढ्याशीच कोणीतरी सांगितलं की घरात सोयर आहे. आई माहेरी जायच्या आधीच, दिवस भरले नसताना, बाळंत झाली होती. मूल जन्मलं की दहा दिवस त्या घराला देवाधर्माचं काही शिवता येत नाही, मग पालखीला खांदा कुठला! आणि सोयरामुळे अडलेल्या घराचा मानही जात नाही. त्या सालापुरता खांदा दुसऱ्या घराने दिला. बाबांना यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"मग परत जायचं होतं!"

"त्याचा आजा त्येच बोलला. दारात येऊन बोलला, मी उगा बोलावला तुला, झुंज उद्या सांजची हाय, दुपारची गाडी धर. भला मानूस व्हता गो."

"मग?"

"नाय गेलो."

माझी शाळेतली जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने जूनमधली टाकलेली आहे. घरी एवढंच म्हणायचे की शिमग्यात झाली. कोणत्या शिमग्यात, ते मी कधी जुळवून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि माझा आवाज इतका चढला की शेजारची म्हातारी अंगणात आली.

"एवढ्यासाठी? मुलगी झाली म्हणून कोणी अंतिम झुंज सोडतं का?"

"मुलगी झाली म्हनून नाय. सुईन बोलली, आजची रात काडली तर काडली. तू येवढीशी व्हतीस, रडायचा पन आवाज नाय. मी गाडीत बसायचा, आन् तिकडं तू... मना कोनी अडवला नाय. मीच ऱ्हायलो. मैदान सोडला तो सोडला. तो पोरगा काय खोटा नाय लिवत."

"हे आत्ता सांगताय? इतकी वर्षं मी त्या घराला शिव्या घालतेय!"

"तू इचारलंस कधी? तू चिडायचीस."

मी चिडलेच होते. त्या नातवावर चिडायचं कारण हातातून गेलं होतं, म्हणून जास्तच. हा माणूस दर रविवारी काठी टेकत जाऊन स्वतःचा पळपुटेपणा वाचत होता, आणि एका शब्दाने सांगत नव्हता की तो कोणासाठी होता. मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मी रडले, पण रागानेच रडले. बाबा घाबरून पाणी आणायला उठले.

ते आत गेले तेवढ्यात मी तळाचा मजकूर खोडून नवा लिहिला. गटातून बाद: माझे वडील. जिगरचा आकडा बदलायची गरज नाही, शेराही राहू द्या. कारण: अंतिम झुंज त्यांनी स्वतःच्या मर्जीने सोडली, एक दिवसाची मुलगी सकाळपर्यंत जगते का ते बघायला. ती जगली, आणि हा आढावा तिनेच लिहिला आहे.